वरून आलेला फोन आणि खाली राहिलेला कागद

या वेळच्या पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून आलं आहे: "वरून फोन आला, म्हणून पोलिसांनी काही केलं नाही." कुणाच्या गावात पाणीयोजनेचे पैसे गिळले गेले, कुणाच्या मुलावर मोर्चात गेल्याबद्दल गुन्हा लागला, कुणाच्या नवऱ्याची सात महिन्यांत बदली झाली. फौजदारी खटले आणि पोलिसांच्या बदल्यांची प्रकरणं चालवताना हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकत आले. तक्रारदार ते संतापून सांगतो. पोलीस अधिकारी रात्री उशिरा, दार लावून घेऊन सांगतो. फोन कुणाचा होता हे कोर्टात सिद्ध करणं फार अवघड असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते की समोरच्याला कागदावर आणा. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

प्रश्न : आमच्या गावात जलजीवन मिशनचं काम कागदावर पूर्ण आहे, बिलही निघालं आहे. प्रत्यक्षात खालच्या वस्तीत पाइपच पडलेला नाही. आम्ही सात जण पोलीस ठाण्यात गेलो. "हा झेडपीचा विषय आहे, अर्ज देऊन जा," असं सांगून परत पाठवलं. तीन महिने झाले. ठेकेदार एका पुढाऱ्याचा नातेवाईक आहे.
– एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : "अर्ज देऊन जा" या शब्दांनी या राज्यात जितकी प्रकरणं गाडली गेली, तितकी कोर्टातही हरली नसतील. अर्ज आणि गुन्हा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अर्ज 'चौकशीवर' ठेवता येतो आणि त्याचं पुढे काय झालं हे तुम्ही विचाराल तेव्हाच कुणी शोधतं. गुन्हा दाखल झाला की त्याला नंबर पडतो, त्याची प्रत कोर्टात जाते आणि तो बंद करायचा झाला तरी कुणाला तरी सही करून कारण लिहावं लागतं. म्हणूनच दबाव असला की गुन्ह्याचा अर्ज केला जातो.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. त्याच निकालात काही प्रकारच्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे आणि भ्रष्टाचार त्यांत येतो. पण ती चौकशी तक्रारीतून गुन्हा दिसतो की नाही, एवढ्यापुरतीच असते आणि ती कितीही दिवस लांबवता येत नाही. तीन महिने हे काही उत्तर नव्हे.

दुसरा अडसर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ अ चा आहे. हे कलम २०१८ साली आलं. सरकारी सेवकाने कामाच्या ओघात घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी करायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यायची असते. पोलीस याच कलमाकडे बोट दाखवतील. त्यांना नम्रपणे सांगा की न केलेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत करणं हा 'निर्णय' नव्हे, ती खोटी नोंद आहे. फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि विश्वासघात यांची कलमं वेगळी आहेत. ठेकेदार तर सरकारी सेवकही नाही.

त्यामुळे तुमचं सगळं प्रकरण त्या मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात तिच्यावर उभं आहे. किती मीटर चर खोदला, किती व्यासाचा पाइप किती खोलीवर टाकला, हे त्यात अभियंत्याच्या सहीने लिहिलेलं असतं आणि त्यावरूनच बिल निघतं. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे माहिती अधिकारात एमबीची प्रत, अंदाजपत्रक आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. लोक तो वापरत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. एका गावात मी हे पाहिलंय. एमबीत ९० सेंटिमीटर खोली लिहिलेली होती. पंचांसमोर कुदळ मारली तर वीतभर मातीखाली पाइप लागला आणि पुढे चाळीस पावलांवर तोही संपला. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या शाखा अभियंत्याला पंचनाम्यावर सही करावी लागली. पुढचं सगळं त्या सहीने केलं.

कागद हाती आले की लेखी तक्रार ठाण्यात द्या आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का असलेली पोच घ्या. दखल घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करा. पोच आणि अधीक्षकांना केलेला पत्रव्यवहार जोडलेला नसेल तर हा अर्ज तिथेच अडतो. सरकारी सेवकाविरुद्ध तक्रार असेल तर कलम १७५(४) प्रमाणे दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतील. त्याने वेळ जाईल, पण वरिष्ठालाही लिहून द्यावं लागेल.

आणखी एक. ज्या दिवशी तुम्हाला परत पाठवलं, त्या दिवसाचं ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा अर्ज आजच द्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह कॅमेरे असावेत आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी साठवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे.

आणि एकट्याच्या नावाने काही करू नका. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० च्या सकाळी खून झाला, तेव्हा ते घराबाहेर पडून पेपर घेत होते. त्यांच्या खुन्यांना आजवर शिक्षा झालेली नाही. तुम्ही सात जण आहात, तर सातही जणांच्या सह्या प्रत्येक कागदावर असू द्या. ग्रामसभेचा ठराव मिळाला तर फारच उत्तम.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात कॉलेजला आहे. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर झालेल्या मोर्चात मी चाललो होतो. पोलिसांनी आधीच कडक कारवाई केली असती तर ते वाचले असते, असं सगळे म्हणतात. पण पोलीस इतके का दबतात? कायदा त्यांच्याच हातात असतो ना?
– एक विद्यार्थी, केज तालुका

उत्तर : तुमचा प्रश्न मला अनेक दिवस पुरला. संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन खून झाला. त्याआधी ६ डिसेंबरला पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर भांडण आणि मारहाण झाली होती. प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली, असं तपासयंत्रणेचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे, म्हणून आरोपींबद्दल मी निकाल लागल्यासारखं लिहिणार नाही. पण ६ आणि ९ डिसेंबरच्या मधले तीन दिवस हा पोलिसांचा प्रश्न आहे आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पोलीस दबतात ते फोनमुळे, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की फोनची वेळ फार क्वचित येते. दबाव त्याआधी वर्षभर, अधिकारी त्या ठाण्यात रुजू होतो त्याच दिवशी बसलेला असतो. कुठलं ठाणं चांगलं, कुठलं 'साइड पोस्टिंग', हे खात्यात सगळ्यांना पाठ असतं. चांगल्या ठाण्याचा चार्ज हवा तर स्थानिक आमदाराची शिफारस लागते, असा समज आहे आणि बहुतेक ठिकाणी तो खरा आहे. शिफारशीवर आलेला निरीक्षक हा पुढाऱ्याच्या लेखी 'आपला माणूस' असतो. तालुक्यात त्याच्या कार्यकर्त्याविरुद्ध कुणी तक्रार घेऊन आलं की निरीक्षकाला कुणी काही सांगावंच लागत नाही. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईवडिलांचं दुखणं, हे सगळं त्या एका पोस्टिंगला बांधलेलं असतं. ठाणे अंमलदार त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि तक्रारदाराला म्हणतो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या."

हे ओळखूनच निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकांपर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यातले मुख्य. महाराष्ट्राने २०१४ साली आपला पोलीस अधिनियम बदलून यातलं बरंचसं स्वीकारलं. पण कलम २२ न मध्ये एक खिडकी उघडी ठेवली. गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकारी आस्थापना मंडळाच्या शिफारशीविना कुणाचीही बदली करू शकतो. या शब्दांत काय बसत नाही? सगळंच बसतं.

आता मस्साजोगनंतर काय झालं ते आठवा. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला, मग इतर शहरांत निघाले. पोलीस अधीक्षक बदलले, एक उपनिरीक्षक निलंबित झाला, तपास सीआयडी आणि विशेष पथकाकडे गेला. नव्या अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, कारण कोण कुठल्या समाजाचा यावर ठाण्यात न्याय मिळतो ही भावना तिथे खोल गेली होती. ४ मार्च २०२५ रोजी मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. हे सगळं लोक रस्त्यावर आले म्हणून झालं. तुम्ही चाललात ते वाया गेलेलं नाही.

पण मला एक गोष्ट खटकते. ज्या बदलीच्या भीतीने पोलीस दबतात, तीच बदली आपण न्याय म्हणून मागतो. "एसपी हटवा" ही घोषणा सरकारला सोयीची असते, कारण एका सहीने ती पूर्ण होते आणि दबाव कुणाचा होता हे विचारायचं राहून जातं. पुढच्या निवेदनात मागायचं तर हे मागा: त्या तीन दिवसांची स्टेशन डायरी, ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण आणि ठाण्याच्या सरकारी फोनवरच्या कॉलची नोंद खटल्याच्या कागदपत्रांत यावी.

प्रश्न : माझे पती उपनिरीक्षक आहेत. वाळूच्या दोन गाड्या पकडल्या आणि सोडायला नकार दिला. सातव्या महिन्यात त्यांची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. आदेशात फक्त 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच आहे. लढावं की गप्प बसावं?
– एक वाचक, नाव न छापण्याच्या विनंतीवरून

उत्तर : ताई, लढण्यासारखं आहे. पण दिवस मोजून लढा.

उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक आणि निरीक्षक यांचा सर्वसाधारण कार्यकाळ एका ठाण्यात किंवा शाखेत दोन वर्षं, जिल्ह्यात चार वर्षं आणि परिक्षेत्रात आठ वर्षं असा कायद्यातच लिहिला आहे. शिपाई-हवालदारांसाठी एका जागी पाच वर्षं. मुदतीआधी बदली करायची तर अपवादात्मक परिस्थिती, जनहित आणि प्रशासकीय निकड दाखवावी लागते. 'प्रशासकीय कारणास्तव' हा नुसता शिक्का आहे. त्यामागे आस्थापना मंडळाची बैठक झाली का, तिच्या इतिवृत्तात तुमच्या पतींबद्दल काय लिहिलं, बैठक आदेशाच्या आधीची की नंतरची, हे सगळं तपासता येतं.

त्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. मी चालवलेल्या एका प्रकरणात सरकारने इतिवृत्त हजर केलं तेव्हा त्यावर मंडळाच्या एका सदस्याची सही बदलीच्या आदेशानंतर चार दिवसांनी झालेली निघाली. तो आदेश तिथेच रद्द झाला.

दोन सूचना. नव्या जागी रुजू होण्याआधी स्थगितीसाठी जाणं चांगलं. एकदा रुजू झालं आणि जुन्या जागेवर दुसरा माणूस बसला की न्यायाधिकरणापुढचं काम कठीण होतं. आणि अर्जात पुढाऱ्याचं नाव घालून आरोप करायचा मोह टाळा. ते सिद्ध करता आलं नाही तर चांगलं प्रकरण बिघडतं. वाळूच्या गाड्यांचा गुन्हा क्रमांक, तारीख आणि बदलीच्या आदेशाची तारीख शेजारी शेजारी मांडा. वाचणाऱ्याला कळतं. जिंकल्यावर खात्यात त्रास होणार नाही, अशी हमी मात्र मी देऊ शकत नाही. माझ्या ओळखीचे तीन अधिकारी जिंकले. त्यातले दोघे आजही म्हणतात की पुन्हा वेळ आली तर पुन्हा लढू. तिसऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली.

प्रश्न : चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी ठाण्यातला एक जण पैसे मागतोय. पैसे दिले तर आम्हीही गुन्हेगार होतो, असं मित्र म्हणतो. खरं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धं खरं आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा झाला. पण ज्याला नाइलाजाने द्यावी लागली, त्याने सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला आधी कळवून, त्यांच्या सांगण्यावरून दिली तर तुमच्यावर गुन्हा होतच नाही. टोल फ्री क्रमांक १०६४.

सापळा कसा लागतो ते सांगते, म्हणजे भीती जाईल. आधी दोन सरकारी पंचांसमोर पडताळणी होते, म्हणजे समोरचा खरंच पैसे मागतोय का हे आवाज रेकॉर्ड करून बघतात. मग तुमच्या नोटांचे नंबर लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. ती डोळ्यांना दिसत नाही. नोटा घेतल्यावर त्या माणसाचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, आणि ते पाणी बाटलीत भरून, लाख लावून सीलबंद करून प्रयोगशाळेत जातं. कोर्टात त्या बाटल्या मी कितीदा हातात घेतल्या आहेत. पण एकट्या गुलाबी पाण्यावर शिक्षा होत नाही, पैसे मागितल्याचा पुरावाही लागतो. तेव्हा पडताळणीच्या वेळी घाई करू नका, त्याला त्याच्या तोंडाने आकडा बोलू द्या. सापळ्याच्या प्रकरणात वर सांगितलेली कलम १७ अ ची पूर्वमंजुरी लागत नाही.

प्रश्न : मंत्री अडकलेला असेल तर राज्याचे पोलीस काय तपास करणार? प्रत्येक वेळी सीबीआयच का मागू नये?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, सीबीआय राज्याच्या हाताखाली नाही हे खरं, पण ती केंद्राच्या हाताखाली आहे. २०१३ साली कोळसा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच तिला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं होतं. शिवाय राज्यात तपास करायला तिला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. म्हणजे दार कधी उघडं, कधी बंद, हेही राजकारणच ठरवतं.

उच्च न्यायालयाला मात्र ही संमती लागत नाही, असं २०१० साली घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिना १०० कोटींच्या वसुलीचा आरोप केला. देशमुखांनी तो नाकारला. त्या वेळी राज्याची संमती नव्हती, तरी ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. त्या पत्रातला आरोप खरा की खोटा हे कोर्ट ठरवेल. मला त्यात दुसरीच गोष्ट ठळक दिसते. राज्यातल्या सर्वांत बलाढ्य पोलीस अधिकाऱ्यांपैकी एकाने तो आरोप कागदावर उतरवला, तो पदावरून हटवल्यानंतर. म्हणून नुसती सीबीआय मागू नका. न्यायालयाच्या देखरेखीखाली तपास मागा, ठरावीक मुदतीने अहवाल सादर होईल अशी विनंती करा.

प्रश्न : मुलगा भरतीची तयारी करतो. भ्रष्टाचाराविरुद्धच्या धरण्याआधी त्याला '१४९ ची नोटीस' आली, तरी तो गेला. आता जमावबंदी मोडल्याचा गुन्हा दाखल झालाय. सरकार आंदोलनाचे गुन्हे मागे घेतं असं ऐकलं. फॉर्ममध्ये लिहावं की नाही?
– एक आई, परभणी

उत्तर : लिहावं. हे आधी सांगते, कारण याच चुकीने मी मुलांच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या आहेत.

पडताळणी अर्जात "आपल्यावर गुन्हा दाखल आहे का" असा रकाना असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात याबद्दल सविस्तर सांगितलं आहे. किरकोळ गुन्हा खरेपणाने लिहिला असेल तर नेमणूक करणाऱ्याने त्याचं स्वरूप बघून ठरवावं. माहिती लपवली तर ती लपवणूकच नोकरी जायला कारण होऊ शकते. धरण्यात बसल्याचा गुन्हा हा चारित्र्याचा डाग नव्हे, हे पटवून देता येतं. खोटं लिहिल्याचं पटवून देता येत नाही.

ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८ आहे, पण ठाण्यात अजून सगळे जुन्याच नावाने बोलतात. पोलिसांनी दिलेली ती आगाऊ ताकीद असते. आंदोलनाच्या आदल्या रात्री दारावर शिपाई येतो, सही घेतो, घरचे हादरतात, आणि त्या हादरण्यासाठीच ती अनेकदा वापरली जाते. जमावबंदी बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली असते. असा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. कित्येक जिल्ह्यांत तो पंधरा-पंधरा दिवसांनी नव्याने काढून वर्षभर चालू ठेवतात. मुलावरच्या गुन्ह्याच्या तारखेला तो आदेश खरोखर अमलात होता का आणि तो लोकांना कळेल असा जाहीर केला होता का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

गुन्हे मागे घेण्याबद्दल: शासन तसे निर्णय वेळोवेळी काढतं. पण जीआर निघाला म्हणजे गुन्हा गेला असं नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा असतो आणि कोर्टाने संमती द्यायची असते. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असतील तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय खटला मागे घेता येत नाही, असा २०२१ चा आदेश आहे. आणि आंदोलनाच्या गुन्ह्यात पुढारी पहिला आरोपी आणि पोरं बाराव्या-पंधराव्या नंबरला असतात, त्यामुळे पोरांचाही खटला अडकून पडतो. मुलाच्या वकिलाला वेगळा अर्ज करायला सांगा. कोर्टाच्या संमतीच्या आदेशाची प्रमाणित प्रत घरात दोन ठिकाणी ठेवा. शासन निर्णयाची झेरॉक्स भरतीत चालत नाही.

प्रश्न : राजीनामे होतात, वर्षभरात तेच लोक परत येतात. मग काय उपयोग?
– एक वाचक, पुणे

उत्तर : राजीनामा हा शेवट मानला तर उपयोग नाही. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात जावं लागलं, ते मोर्चामुळे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांच्यासमोर सिमेंटचं वाटप आणि अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांच्या तारखा एकमेकींशेजारी आल्या म्हणून. पुढे १९८४ साली त्याच लढ्यातून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की भ्रष्टाचाराची फिर्याद थेट विशेष न्यायाधीशांकडे कुणीही नागरिक करू शकतो. त्यासाठी पोलिसांनीच आधी तपास केलेला असला पाहिजे असं नाही. राजीनामा देणारा माणूस परत आला असेल, पण तो हक्क आपल्याकडेच राहिला आहे, आणि धाराशिवच्या वाचकांना वर जे सांगितलं त्याच्या मुळाशी तोच आहे.

प्रश्न : मी पोलीस शिपाई आहे. बंदोबस्तात आम्हाला तोंडी आदेश मिळतात. लाठी उगारायला सांगतात आणि नंतर चौकशी आमची लागते. आम्ही काय करायचं?
– नाव, गाव छापू नये

उत्तर : तुमचं पत्र आलं याचं मला मनापासून बरं वाटलं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. पुढे अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले, गृहमंत्र्यांनी माफी मागितली. आदेश नेमका कुणी दिला हा प्रश्न मात्र महिनोन् महिने राजकीय भाषणांतच फिरत राहिला. तोंडी आदेशाचं असंच होतं.

तोंडी आदेश मिळाला तर तो आपल्याला रोखता येईलच असं नाही, हे मी समजू शकते. पण परत ठाण्यात आल्यावर स्टेशन डायरीत नोंद घालणं तुमच्या हातात आहे. किती वाजता, कुठे, कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने, कुणाबरोबर, काय केलं, आणि कुणाला इजा दिसली. डायरीत लिहू देत नसतील तर त्याच दिवशी तसा अहवाल टपालात द्या आणि पोच ठेवा. माझ्याकडे एक हवालदार होते. मोर्चात एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला आणि विभागीय चौकशी एकट्या त्यांच्यावर आली. सगळे वरिष्ठ म्हणाले, आम्ही आदेश दिलाच नाही. त्यांनी त्या संध्याकाळी निळ्या शाईत एक ओळ लिहून ठेवली होती, "१७.४० वा. साहेबांनी वायरलेसवरून जमाव मागे रेटण्यास सांगितले," आणि पुढे साहेबांचं पूर्ण नाव. आम्ही त्या मिनिटाच्या वायरलेसची नोंदवही मागवली. वेळ जुळली.